रस्त्याने सोललेली त्वचा : दुचाकी अपघातांतील जखमांची ओळख आणि उपचार (प्रस्तावना)

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पैनगंगेच्या उत्तरेला असलेले उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे भोवतालच्या खेड्यांचे आणि तांड्यांचे बाजाराचे गाव आहे. आता तेथे नगरपंचायत असली, तरी कापूस, सोयाबीन, हळद आणि ऊस या पिकांच्या हंगामावरच गावाचा व्यवहार चालतो, आणि शेत, बाजार, शाळा, दवाखाना व तालुक्याचे कार्यालय यांना जोडणारे मुख्य वाहन दुचाकी हेच आहे. एका गाडीवर नवरा-बायको आणि मधे मूल, किंवा मागे बियाण्याची पिशवी घेतलेला शेतकरी, हे तेथील रस्त्यांवरचे रोजचे दृश्य असल्यामुळे दुचाकीवरून पडणे हाही तेथील आयुष्याचा जवळजवळ गृहीत धरलेला भाग झाला आहे. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून डांबरावर आणलेला काळ्या मातीचा चिखल, डागडुजीसाठी टाकून तशीच राहिलेली गिट्टी आणि चुरी, पैनगंगा अभयारण्याच्या बाजूने अंधारात अचानक आडवे येणारे रानडुक्कर किंवा रोही, यांपैकी काहीही गाडी घसरायला पुरेसे असते. अशा पडण्यात हाड मोडले नाही आणि डोक्याला मार लागला नाही, तर ‘काही झालं नाही, नुसतं खरचटलं’ एवढ्या वाक्यावर प्रकरण मिटते. प्रस्तुत लेखनाचा विषय हे ‘नुसते खरचटणे’ आहे.

ही उपेक्षा केवळ बोलण्यात नाही, ती नोंदींतही आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, आणि एकट्या महाराष्ट्रातील मृत्यूंची संख्या १५,२२४ होती. या आकड्यांवर चर्चा होते, धोरणे ठरतात आणि हेल्मेटच्या मोहिमा निघतात, ते योग्यच आहे. परंतु ज्याची दोन्ही तळहातांची आणि गुडघ्यांची कातडी सोलली गेली आणि जो पोलीस ठाण्याऐवजी थेट घरी गेला, त्याची गणना कोणत्याही तक्त्यात होत नाही, आणि झालीच तर ती ‘किरकोळ दुखापत’ या रकान्यात होते. कायदा मात्र इतका निष्काळजी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार डोक्याला किंवा चेहऱ्याला आलेले कायमचे विद्रूपत्व ही गंभीर दुखापत ठरते, आणि जिच्यामुळे माणसाला पंधरा दिवस तीव्र वेदना होतात किंवा नेहमीची कामे करता येत नाहीत अशी दुखापतही त्याच वर्गात मोडते (जुन्या दंड संहितेत ही मुदत वीस दिवसांची होती). तळहात सोललेल्या कापूस वेचणाऱ्या बाईला पंधरा दिवस बोंडाला हात लावता येत नसेल, तर गाव जिला किरकोळ म्हणते ती तिची जखम कायद्याच्या भाषेत गंभीर असू शकते.

या जखमा समजून घ्यायच्या तर आधी त्वचेची रचना लक्षात घ्यावी लागते. प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ दीड ते दोन चौरस मीटर असते आणि तिचे मुख्य थर दोन : वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा, ज्यात रक्तवाहिन्या नसतात आणि जो तळाच्या पेशींपासून सतत नव्याने घडत असतो, आणि त्याखालचा जाड, चिवट थर म्हणजे अंतस्त्वचा, ज्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोके, केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी असतात आणि जो कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेला असतो. त्याखाली चरबीचा थर, मग स्नायूंवरचे आवरण. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर कापत असतो. गाडी निसटल्यावर अंगाचे डांबराशी घर्षण होऊन तो थांबेपर्यंत साधारण १५ मीटर घसरतो, आणि या दोनेक सेकंदांत गिट्टीचा खडबडीत पृष्ठभाग किसणीसारखे काम करतो. घर्षणातून उष्णताही निर्माण होते, त्यामुळे अशी जखम एकाच वेळी खरवडलेलीही असते आणि भाजलेलीही, आणि म्हणूनच तिच्या खोलीचा अंदाज शल्यचिकित्सक भाजण्याच्या जखमांसारखाच घेतात. सुश्रुतसंहितेने आघाताने होणाऱ्या ताज्या जखमांचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील शेवटचा, म्हणजे घासून त्वचा निघालेला, हा येथे मुख्यत्वे विचारात घ्यायचा आहे, मात्र दुचाकीच्या अपघातात तो क्वचितच एकटा येतो.

खोली हाच येथे सर्वांत महत्त्वाचा निकष आहे. केवळ बाह्यत्वचा निघाली असेल तर जागा लालबुंद, ओलसर आणि विलक्षण दुखरी असते, कारण मज्जातंतूंची टोके उघडी पडलेली असतात. अशी जखम आठवड्या-दीड आठवड्यात व्रण न ठेवता भरते, कारण केसांच्या मुळांच्या आणि घामाच्या ग्रंथींच्या आवरणातील शिल्लक पेशी पसरून नवा थर तयार करतात. अंतस्त्वचेचा बराचसा भाग गेला असेल तर ही पेशींची बेटे थोडीच उरतात आणि भरणे लांबते. संपूर्ण अंतस्त्वचा गेली असेल तर पांढुरकी, कोरडी किंवा पिवळट चरबी दिसणारी जागा उरते आणि ती आश्चर्यकारकरीत्या कमी दुखते. कमी दुखणे हे येथे शुभलक्षण नव्हे, ही गोष्ट रुग्णाच्या नातेवाइकांना पटवून देणे फार अवघड जाते.

याहून फसवा प्रकार म्हणजे त्वचा न फाटता आतून सुटणे. मांडीवरून किंवा पायावरून चाक गेले, किंवा अंग जोराने घासत गेले, तर त्वचा आणि चरबी खालच्या स्नायूंच्या आवरणापासून सुटतात, मधल्या पोकळीत रक्त आणि पाणी साचते, आणि वरून मात्र थोडेसे खरचटल्याखेरीज काही दिसत नाही. फ्रेंच शल्यचिकित्सक मोरेल-लाव्हाले यांनी एकोणिसाव्या शतकातच हे वर्णन केले असून या दुखापतीला आजही त्यांचेच नाव आहे. सुटलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटल्याने ती दोन-चार दिवसांत काळी पडू लागते. ‘मुका मार आहे, शेकून काढा’ या सल्ल्याने नुकसान होते ते अशाच वेळी : दाबल्यावर पाण्याच्या पिशवीसारखी हलणारी सूज असेल किंवा त्वचेवरची संवेदना गेली असेल, तर शेक न देता रुग्णाला मोठ्या रुग्णालयात नेले पाहिजे. लहान मुलाचा पाय चाकाच्या स्पोकमध्ये अडकून टाचेमागची त्वचा चिरडणे आणि तापलेल्या सायलेन्सरने पोटरी भाजणे या दोन दुखापतीही ग्रामीण दवाखान्यात नेहमी येतात. पहिली दिसते त्याहून नेहमीच खोल असते, आणि दुसरीवर टूथपेस्ट फासण्याऐवजी वीस मिनिटे वाहते पाणी सोडणे हाच उपचार आहे.

उपचाराचा विचार जखमेपासून सुरू होत नाही, हे प्रथम नमूद करणे आवश्यक आहे. सोललेली त्वचा डोळ्यांत भरते, रक्त दिसते, रुग्ण तिच्याच वेदनेने ओरडत असतो, आणि त्यामुळे पोटातला रक्तस्राव, फुटलेली बरगडी किंवा डोक्याचा मार नजरेआड राहतो. शुद्ध हरपणे, उलटी, धाप, पोटाचा किंवा मानेचा दुखावा, यांपैकी काही असेल तर जखम तशीच झाकून रुग्ण हलवावा. त्वचेला काही तासांचा अवधी असतो, या गोष्टींना नसतो.

हा अवधी मात्र अमर्याद नाही. रस्त्यावरच्या जखमेत डांबराचे कण, बेसॉल्टच्या गिट्टीची भुकटी आणि काळी माती घुसलेली असते. ती पहिल्या चोवीस तासांत निघाली नाही तर त्वचा तिच्यावरूनच भरते आणि कण अंतस्त्वचेत कायमचे अडकून निळसर-काळा डाग उरतो. गोंदण्यात जे मुद्दाम केले जाते तेच येथे अपघाताने घडते, आणि चेहऱ्यावर घडले तर पुढे लेसरखेरीज फारसा इलाज राहत नाही. म्हणून धुणे हा या जखमांचा पहिला आणि सर्वांत मोलाचा उपचार आहे, आणि तोच सर्वांत कमी केला जातो, कारण जखमेला पाणी लागले की ती चिघळते अशी समजूत घरोघर आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. पिण्यायोग्य स्वच्छ पाणी भरपूर प्रमाणात, धार धरून वापरले तर ते सलाइनइतकेच उपयोगी पडते. पाण्याच्या शुद्धतेविषयी शंका असेल तर उकळून थंड केलेले वापरावे. उन्हाळ्यात हंडाभर पाण्याची किंमत जाणणाऱ्या गावात एका गुडघ्यासाठी दोन-तीन लिटर ओतायला सांगणे ऐकणाऱ्याला चैन वाटू शकते. तरीही ते सांगावेच लागते. खोल रुतलेले कण दवाखान्यात बधिर करणारी जेली लावून मऊ ब्रशने काढायचे असतात. वेदनेमुळे डॉक्टरनेही हात आखडता घेतला तर त्याची किंमत रुग्ण आयुष्यभर चेहऱ्यावर वागवतो. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पाणी न मिसळलेले जंतुनाशक सोललेल्या जागेवर ओतल्याने जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात आणि रुग्णाला केवळ झोंबण्याचे समाधान मिळते.

धुण्याआधीच जखमेवर हळद दाबली जाते, आणि ज्या पट्ट्यात हळद शेतात पिकते तेथे तिच्याविषयी लिहिताना नीट लिहिले पाहिजे. जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि जुने ग्रंथ व लेख पुरावा म्हणून दाखल केले, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झाले. या विजयाचा अर्थ मात्र अनेकदा चुकीचा लावला जातो. हे ज्ञान नवे नाही, एवढेच त्या निकालाने ठरले. डब्यातली हळद गिट्टीने भरलेल्या जखमेत भरावी, असे त्याने ठरवले नाही. हळदीतील कर्क्युमिनचा दाहशामक गुण प्रयोगशाळेत दिसतो, परंतु घरातील पूड निर्जंतुक नसते, बाजारातली पुष्कळदा भेसळीची असते, आणि ती रक्तात कालवून जो लगदा वाळतो तो घाण आत कोंडतो व डॉक्टरला जखमेची खोली दिसू देत नाही. चुना, तंबाखू, बिडीची राख यांच्याबद्दल एवढाही विचार करण्याचे कारण नाही. दगडी पाल्याचा रस या भागात पूर्वापार लावतात आणि त्या वनस्पतीवर अभ्यासही झाले आहेत, पण बांधावरून तोडून चोळलेला पाला मातीसकटच जखमेत जातो.

दुसरी रूढ समजूत खपलीची. जखम उघडी ठेवावी, वाऱ्याने वाळू द्यावी, खपली धरली की बरी झाली, असे मानणारे केवळ खेड्यात नाहीत. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या त्वचेवरील प्रयोगांतून दाखवले की पातळ आवरणाखाली ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पसरते, कारण कोरड्या खपलीखाली पेशींना वाट काढत खोलवरून सरकावे लागते. ओलसर म्हणजे चिंब नव्हे; स्राव शोषला जावा आणि तळ वाळू नये, असा हा समतोल आहे. साधा कोरडा गॉज जखमेला चिकटतो आणि प्रत्येक पट्टी बदलताना कालची नवी त्वचा उपटून आणतो. त्याऐवजी व्हॅसलीन लावलेला जाळीदार गॉज आणि त्यावर शोषणारी जाड पट्टी, हा स्वस्त आणि कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारा पर्याय आहे. न चिकटणारी पट्टी स्वस्तात मिळावी यासाठी महाराष्ट्रात झालेले काम येथे आवर्जून सांगण्यासारखे आहे. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८० च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरून पाहिली, आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांची पट्टी भाजलेल्या जागांवर व त्वचा काढलेल्या जागांवर वापरून २००३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. केळीचे पान मेणचट असल्याने चिकटत नाही, म्हणून ते काढताना दुखत नाही. मात्र ती पाने रुग्णालयात वाफेच्या दाबाने निर्जंतुक केलेली होती; बागेतून आणलेले पान सरळ जखमेवर ठेवणे हा त्या संशोधनाचा विपर्यास होईल.

धनुर्वाताचा उल्लेख येथे थोडक्यात पुरेल. त्याचे बीजाणू शेणात आणि मातीत असतात, त्यामुळे रस्त्यावरची जखम मळलेलीच समजावी. शेवटचा डोस पाच वर्षांपूर्वीचा किंवा त्याहून जुना असेल तर इंजेक्शन घ्यावे, आणि लहानपणीचे लसीकरण पूर्ण झालेलेच नसेल तर तयार प्रतिपिंडांचे वेगळे इंजेक्शनही लागू शकते. इंजेक्शन घेतले म्हणजे जखमेचे काम झाले असे नव्हे, ते धुण्याची जागा घेत नाही. उथळ आणि स्वच्छ जखमेला प्रतिजैविकांच्या गोळ्यांची सहसा गरज नसते. दुकानदाराने सुचवलेले स्टेरॉइडमिश्रित मलम तर भरण्याची क्रियाच मंदावते. वाढती लाली, पू, दुर्गंधी, ताप किंवा तिसऱ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढणारी वेदना असेल, तेव्हा औषध हवे आणि डॉक्टरही हवा.

पट्टीइतकाच आहाराचा प्रश्न आहे, कारण जखम झालेल्याला आंबट, वांगे, कधी डाळ, कधी अंडे वर्ज्य केले जाते. नवे कोलॅजन घडायला प्रथिने लागतात आणि ते घट्ट विणले जायला क जीवनसत्त्व लागते. लिंबू आणि आवळा बंद करून शरीराकडून जखम भरण्याची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. मधुमेही माणसाच्या पायाची जखम कितीही लहान असली तरी तिला लहान म्हणू नये. यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी त्वचेवरच्या पाठ्यपुस्तकात सहसा आढळत नाही. २०१७ च्या खरीप हंगामात या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. ही विषे अखंड त्वचेतूनही शरीरात शिरतात, मग जेथे बाह्यत्वचाच नाही तेथून किती सहज शिरतील, हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात गाडीवरून पडलेला माणूस चौथ्या दिवशी पंप पाठीला लावतो, हे वास्तव आहे. जखम पूर्ण भरेपर्यंत त्याने फवारणी करू नये. मजुरी बुडते हे मान्य करूनही या बाबतीत सवलत देता येत नाही.

तीन आठवड्यांत न भरलेली जखम हा एक निर्णायक टप्पा आहे, कारण त्यापुढे आपोआप भरणाऱ्या जागेवर जाड, उंचवटेदार, खाजरा व्रण येण्याचा आणि तो सांध्यावर असेल तर आकसून कोपर वा गुडघा वाकडा करण्याचा संभव फार वाढतो. म्हणून जी जखम खोल दिसते तिच्यासाठी तीन आठवडे थांबायचे नसते, तर पहिल्याच आठवड्यात त्वचारोपणाचा, म्हणजे मांडीवरून पातळ त्वचा घेऊन ती उघड्या जागेवर बसवण्याचा, सल्ला घ्यायचा असतो. या शास्त्राशी विदर्भाचे नाते जुने आहे : नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५० च्या दशकात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला, आणि तो देशातील आरंभीच्या विभागांपैकी एक होता. ढाणकीच्या रुग्णासाठी मात्र नागपूर लांब आहे. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्याचे असले तरी नदीपलीकडचे नांदेडचे शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अंतराने जवळ पडते. जिल्ह्याची हद्द पाहून रुग्ण लांबच्या वाटेने नेण्याचे कारण नाही.

भरलेल्या जागेचा रंग हा सावळ्या त्वचेचा वेगळा प्रश्न आहे. दाहानंतर रंगद्रव्य वाढून डाग काळसर होतो आणि ऊन लागल्यास तो महिनोन्‌महिने टिकतो. उपरण्याने, ओढणीने, बाह्यांनी जागा झाकणे आणि भरल्यानंतर रोज तेलाने किंवा व्हॅसलीनने हलके चोळणे, हे उपाय महागड्या मलमांच्या आधी करायचे आहेत. मुलीच्या चेहऱ्यावरच्या डागाची चिंता घरात लगेच सुरू होते, पण मुलाच्या आखडलेल्या बोटांची चिंता उशिरा होते. वैद्यकीय दृष्टीने क्रम उलटा असायला हवा.

प्रतिबंधाविषयी अतिशयोक्ती टाळलेली बरी. आयएस ४१५१ या मानकाचे हेल्मेट डोके वाचवते, हातपाय नाही. आणि मे महिन्यातल्या विदर्भात चामड्याचे जाकीट घालायला सांगणारा माणूस तेथे राहत नाही एवढेच सिद्ध होते. जाड सुती पूर्ण बाह्या, जीन, बंद बूट आणि हातमोजे, विशेषतः हातमोजे, कारण पडताना माणूस प्रथम तळहातच टेकतो, इतके शक्य आहे. मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नसलेला भाग झाकणारे संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२३ नुसार बंधनकारक आहे, ते साडीचा पदर आणि मुलाची टाच या दोहोंसाठी आहे, आणि शोभेसाठी ते काढून टाकणे हा शुद्ध अविचार आहे.

अपघातस्थळी मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने संरक्षण दिले असून त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. आणि मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. ही सोय अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांची आहे. अंतस्त्वचेपर्यंत गेलेली जखम भरायला तीन आठवडे लागतात, म्हणजे उरलेले दोन आठवडे धुण्याचे, पट्टी बदलण्याचे आणि लक्ष ठेवण्याचे काम रुग्णाच्या घरी, बहुधा घरातल्या बाईच्या हातून, आणि गावच्या दवाखान्यातील परिचारिकेच्या देखरेखीखाली व्हायचे असते. पुढील प्रकरणे या दोघींसाठी लिहिली आहेत.